नावाचं शेपूट

बाळांच्या नावांची पुस्तकं समीक्षेला घेतली म्हणून कुणी हसेल, तर हसू द्या. कवितासंग्रहांवर लिहिणारे ढीगभर आहेत आणि ते एकमेकांवरच लिहितात. पण आपल्या वस्तीत ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नसतं त्या घरातसुद्धा बारशाच्या आठ दिवस आधी एक पुस्तक येतं. एस.टी. स्टँडवरच्या गाड्यावरून येतं, जत्रेतल्या पालातून येतं, पंचांग आणि व्रतकथांच्या शेजारून उचललेलं असतं. वर गुबगुबीत गोरं पोर. आत अ पासून ज्ञ पर्यंत नावं, डाव्या हाताला नाव, उजव्या हाताला अर्थ. मी अशी पाच पुस्तकं ओळ न् ओळ वाचली. सूतगिरणीत रातपाळीला साचा मध्येच बंद पडला की जो वेळ मिळतो त्यात वाचली. पाचही पुस्तकं एकाच मापात कापलेली आहेत. आणि पाचांतही एक भाग आहे, त्याचं नाव ‘जुनी मराठी नावे’ नाहीतर ‘पारंपरिक नावे’.

हा भाग मी आधी उघडला. गोविंद आहे, माधव आहे, वामन आहे, यमुना आहे, सरस्वती आहे. दगडू नाही. धोंडी नाही. कचरू, उकिरडा, उकंडा, चिंधू, भिका, कोंडी, फकिरा, सटवा, म्हसू, बहिरू, फागू यांतला एकही नाही. बायांत ठकू नाही, धुरपा नाही, साळू नाही, हौसा नाही. महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्यातली जुनी मतदारयादी घ्या, ही नावं शेंगदाण्यासारखी सांडलेली दिसतील. मग ‘जुनी’ म्हणजे कुणाची जुनी? ‘मराठी’ म्हणजे कुणाची मराठी?

प्रकाशक म्हणेल, अहो आता ही नावं ठेवतं कोण? बरोबर आहे, कुणी ठेवत नाही. पण त्याच भागात त्यानं विश्वंभर छापलाय, तो तरी कोण ठेवतं? सवाल ठेवण्याचा नाही, नोंदीचा आहे. एका नावाला म्हातारपण आलं तर ते ‘पारंपरिक’, दुसऱ्याला आलं तर ते ‘ग्राम्य’. हा निवाडा कुणी लिहून ठेवलेला नाही. पुस्तकात जागा न देऊन तो केलेला आहे.

आता अर्थाकडे या. ही पुस्तकं अर्थ म्हणून संस्कृत कोश समोर धरतात. शब्द फोडायचा, धातू दाखवायचा, झाला अर्थ. नावाचा अर्थ असा नसतो. मला विचाराल तर नावाला दोन अर्थ असतात. एक, ते का ठेवलं. दोन, ते कसं हाक मारलं. कोशात यांतलं एकही सापडत नाही.

‘का ठेवलं’ हे घ्या. माझ्या आज्याचं नाव कचरू. आम्ही मूळचे बीडकडचे, बाप पोटासाठी इचलकरंजीकडं आला. आज्याच्या आधीची तीन पोरं पाळण्यातच गेली होती. चौथं झालं तेव्हा सुइणीनं त्याला सुपात घातलं, घरातला केर त्याच्या अंगावरून सारला आणि सूप उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण ठरवल्याप्रमाणं ‘सहज’ तिकडून आली, तिनं पोर उचललं. मग आईनं मूठभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. हा सगळा सोंगाचा खेळ कुणासाठी? मरणासाठी. मरणाला कळावं की हे लाडाचं नाही, फेकलेलं आहे, याला नेऊन तुला काय मिळणार?

या खेळाच्या एकेका पायरीवर एकेक नाव आहे. केरातून काढला तो कचरू. उकिरड्यावर ठेवला तो मराठवाड्यात उकिरडा, तोच वऱ्हाडात उकंडा. कोंड्यावर घेतला तो कोंडी, कोंडिबा. चिंधीत गुंडाळला तो चिंधू. दारोदार मागून आणलेल्या धान्यावर जगवला तो भिका, भिकू. पिराला नवस केला, फकिराच्या झोळीत घातला, तो फकिरा. पोराचं नाक टोचून त्यात नथ घातली, मरणानं पोरगी समजून सोडावं म्हणून, तो नथू. आणि ज्याला काळानं दातानं फोडू नये, उन्हापावसानं झिजवू नये, तो दगडू नि धोंडी. आईनं दगड म्हटलं, कारण दगड मरत नाही.

मी या नावांना कविता म्हणतो. सूतक संपायच्या आत, वाचता न येणाऱ्या बाईनं, एका शब्दात मरणाला फसवायचं. यापेक्षा कमी शब्दांत मला तरी कधी काही लिहिता आलेलं नाही.

पण गंमत पुढं आहे. हा खेळ आपल्याच वस्तीचा नव्हता. मरण सगळ्यांच्याच पाळण्यावर बसायचं. पेशव्यांचा नानासाहेब, १८५७ चा, त्याचं नाव धोंडोपंत. महर्षी म्हणून ज्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं ते कर्वे, नाव धोंडो केशव. पुण्यातला तो प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावानं चालतो ते हलवाई, नाव दगडूशेठ. १६७३ साली मूठभर माणसं घेऊन पन्हाळा जिंकणारा कोंडाजी फर्जंद. गांधीजींच्या खुन्याचं नाव रामचंद्रच होतं म्हणतात, आधीचे भाऊ गेले म्हणून नाकात नथ घातली आणि रामचंद्राचा नथुराम झाला. बामणाच्या घरातही तोच दगड, तोच कोंडा, तीच नथ.

मग फरक कुठं? फरक शेपटाला आहे. पंत, शेठ, राव, जी हे एका बाजूचं शेपूट. ‘या’ हे दुसऱ्या बाजूचं. धोंडोपंत आणि धोंड्या. दगडूशेठ आणि दगड्या. कोंडाजी आणि कोंड्या. धोंडा एकच. एकाला शेंदूर लागला, दुसऱ्यावर पाय पडला.

माझा आज्या साठीत असताना गावातलं शेंबडं पोर त्याला ‘ए कचऱ्या’ म्हणून हाक मारायचं आणि त्याच पोराला आज्या ‘आबासाहेब’ म्हणायचा. हे मी ऐकीव सांगत नाही, माझा बाप त्या वेळी आज्याचं बोट धरून उभा होता. आज्या म्हणायचा, “नावाचा राग न्हाय रं मला. नाव माझ्या आईनं ठिवलंय. ‘ऱ्या’ कुणी ठिवला त्येवढं सांग.” मुंबईत गिरणीत लागल्यावर तो ‘ऱ्या’ गळला. बिल्ल्यावर नंबर, मस्टरवर ‘कचरू’ आणि साच्यावर सगळे ‘मामा’ म्हणायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, वर्षभर वाट बघून आज्या गावी परतला. एस.टी.तून उतरताना पहिलीच हाक आली ती ‘ऱ्या’ लावून.

इकडं इचलकरंजी-कोल्हापूरच्या पट्ट्यात शेपटाचा आणखी एक नमुना पाहिला. बाबासो, आण्णासो, दादासो, आप्पासो. हा ‘सो’ म्हणजे साहेब, लिहिताना तोडलेला आणि मग तोडलेलाच बोलायला लागलेला. आमच्या खात्यात मस्टर वाचताना दर चौथ्या नावाला ‘सो’ येतो, आणि आता तो सगळ्या वस्त्यांतून येतो. शेपूट जिंकता येतं याचा हा पुरावा. बारशाच्या पुस्तकात मात्र हा ‘सो’ नाही. एवढा हजारो माणसांच्या आधारकार्डावर बसलेला ‘सो’ त्यांना दिसत नाही, म्हंजे डोळे तपासायला पाहिजेत.

शेपटाचा कायदा जुना आहे. मनूनं दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय की बामणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. लगेच पुढं तो नावाचा दुसरा भाग सांगतो. बामणाला शर्म, क्षत्रियाला रक्षण, वैश्याला पुष्टी, शूद्राला चाकरी. पहिल्या श्लोकाची चर्चा सगळे करतात. माझ्या मते खरा डाव दुसऱ्यात आहे. नाव काहीही ठेवा, शेपटातून माणूस ओळखू आला पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं, ते बरंच झालं. पण बारशाच्या पुस्तकात ते काजळीसारखं उरलंय.

आता इथं मला एका मोठ्या माणसाशी वाद घालायचा आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आलं. लिहिणारा दया पवार, सांगणारा दगडू मारुती पवार, आणि दोघं एकच. मराठीत एका माणसानं आपलीच दोन नावं अशी समोरासमोर बसवून त्यांना बोलतं केल्याचं मी दुसरं पुस्तक वाचलेलं नाही. त्या पुस्तकानं मला वाचायला शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच आपल्याला असं नाव का मिळालं हा प्रश्न येतो आणि उत्तरासाठी तो मनुस्मृतीपाशी नेऊन ठेवला जातो. नाव तुच्छ, कारण मनूनं तुच्छ ठेवायला सांगितलं. मला हे अर्धं पटतं.

अर्धं यासाठी की मनूची किळस आणि आईची युक्ती मस्टरवर सारखीच दिसते. दोन्ही ठिकाणी ‘दगडू’च लिहिलेलं असतं. पण एकात माणसाला खाली ढकललंय आणि दुसऱ्यात त्याला मरणापासून लपवलंय. लेखक शहरात येतो, शिकतो, चारचौघांत नाव सांगताना त्याची जीभ अडखळते, आणि त्या लाजेत त्याला दोन्ही एकच वाटतात. लाज खरी आहे. मी स्वतः फॉर्मवर आज्याचं नाव लिहिताना अक्षर बारीक काढलेलं आहे. पण लाजेतून काढलेला उगम खरा असेलच असं नाही. दगडू हे नाव मनूनं ठेवलं असतं तर दगडूशेठ कुठून आला असता? लेखकाच्या माऊलीनं ते ठेवताना कुठल्याही शास्त्रीबुवाला विचारलेलं नव्हतं. आपण सगळंच मनूच्या पदरात टाकत गेलो तर आपल्या आयांनी काय केलं याचा हिशेब कुठं लागणार?

आणि मनूचं ऐकलं तरी कुठं सगळ्यांनी? चौदाव्या शतकातला मंगळवेढ्याचा महार, नाव चोखा. चोखा म्हणजे शुद्ध. बहीण निर्मळा, म्हणजे मळ नसलेली. ज्यांची सावली विटाळाची, त्यांच्या घरात अशी नावं! यात किती भक्ती आणि किती टोमणा हे वारकरी अभ्यासकांनी शोधावं. मला तरी त्यात कुणाच्या तरी डोळ्याला डोळा भिडवलेला दिसतो.

तसंच ‘नाक’. सिदनाक, रायनाक, गोंदनाक. नायकापासून आलं म्हणा की नागापासून, दोन्ही बाजूंनी माणसं भांडतात. पण ते आपलं स्वतःचं शेपूट होतं आणि त्यात ‘ऱ्या’ नव्हता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला त्यावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत, आणि त्यांत ‘नाक’नं संपणारी नावं ओळीनं कोरलीत. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर स्वतःला गोपाळनाक विठ्ठलनाक लिहायचे. मुलाला नाक, बापाला नाक. हे शेपूट पुढं कागदावरून उडालं आणि ‘ऱ्या’ मात्र राहिला. पाच पुस्तकांत ‘नाक’ शोधलं. नाकाचे दागिने सापडले असते तर आश्चर्य नव्हतं, पण नाव नाही.

देवांवरची नावं आहेत म्हणतील. आहेत, पण कुठल्या देवांवरची? पाचव्या दिवशी कपाळावर लिहून जाते ती सटवाई, तिच्यावरून सटवा, सटवाजी. म्हसोबावरून म्हसू, भैरोबावरून बहिरू, खंडोबावरून खंडू, बिरोबावरून बिरू, सिद्धनाथावरून शिदू. जोतिबावरून जोती, आणि त्या एका जोतीनं १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. नांदेडच्या कडेला तेलंगणातली पोचम्मा मराठीत शिरते आणि पोचीराम होतो. पोचीराम हे नाव आपण विसरू शकत नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. नावासाठी गेलेल्या माणसाचं नाव कुठून आलं हे नावांच्या पुस्तकात एका ओळीत तरी असावं की नाही? ज्यांनी १४ जानेवारी १९९४ पर्यंत एका नावाची वाट बघितली त्यांना ‘नावात काय आहे’ हा इंग्रजी विनोद कुणी ऐकवू नये.

‘अपभ्रंश’ हा आणखी एक शब्द या पुस्तकांचा लाडका. ज्यानं कृपा केली त्यानं एका तळटिपेत लिहिलंय की खेड्यात द्रौपदीचं धुरपदा, रुक्मिणीचं रखमा असे अपभ्रंश होतात. का हो, पंढरपुरात विठोबाच्या शेजारी कोण उभी आहे? रखुमाई. सगळे संत तिला रखुमाईच म्हणाले, तेव्हा कुणाची जीभ घसरली नव्हती. १८९४ साली लंडनहून डॉक्टर होऊन आलेली बाई रखमाबाई. ती अभंगात आली की गोड, डॉक्टर झाली की थोर, आणि आमच्या वस्तीत आली की अपभ्रंश. धुरपदाला मराठी तोंडाचं वळण आहे. द्रौपदीतलं ‘द्र’ आमच्या जात्याच्या दगडाखाली भरडून धुरपदा झाली. हे भाषेचं काम आहे.

कथाकादंबऱ्यांत आपली नावं कशी येतात हेही बघून घेऊ. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’त शिदा चांभार आहे, धर्मा रामोशी आहे. माडगूळकरांवर माझा आकस नाही, गाव हाक मारतं तशी त्यांनी लिहिली, आणि माणसं जिवंत आहेत. पण शिदाचं आडनाव जातच राहिली. हेच नाव अण्णा भाऊंच्या हातात आल्यावर काय होतं बघा. १९५९ ची ‘फकिरा’. मुखपृष्ठावर एकटं नाव. राव नाही, जी नाही, ऱ्या नाही, जात नाही. शेपूटच छाटून टाकलं आणि नाव सरळ उभं राहिलं. शांताबाई कांबळेंच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मधली पोर नाजा आहे, आणि नाजा वाचताना ती कुणाची तरी लाडकी होती हे कळतं. लाड हा शब्द आमच्या समीक्षेत फार कमी येतो. आमचे काही कवी जुन्या नावांची माळ लावतात, कचऱ्या, धोंड्या, भिक्या, आणि खाली ‘गुलामी’ लिहून मोकळे होतात. मित्रहो, तुम्ही कविता लिहिलीत की गावच्या पाटलाची हाक लिहून घेतलीत? तुमच्या आईनं ‘ऱ्या’ लावून ठेवलं होतं का?

मात्र सगळीच नावं आईच्या मायेची होती असं म्हणून मी मोकळा होणार नाही. पोरींकडं वळलं की माझी जीभ जड होते. नकुसा, नकोशी. हा मरणाला दिलेला चकवा नाही, देवाला दिलेली तक्रार आहे, की आता पुरे, मुलगा दे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त नकुसांची नावं सरकारी समारंभात बदलली. पोरींनी आपापली नवी नावं निवडली. अनाथांची माय म्हणून ज्यांना ओळखतात त्या सिंधुताई सपकाळांचं लहानपणीचं नाव चिंधी, आणि तेही नको असलेली म्हणूनच. पोराला चिंधू म्हणताना आई त्याला लपवते, पोरीला चिंधी म्हणताना टाकते. शब्द एक, सूप एक, पण शेजारणीला कोंडा देऊन परत विकत घ्यायचा भाग पोरीच्या वेळी गळतो. हे बामणाच्या घरात झालं, मराठ्याच्या घरात झालं, आपल्या घरातही झालं. नावं शोधायची तर हेही लिहावं लागेल, नुसता मनू पुरणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपली नावं बदलली. गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा. पुढच्या पिढीत सम्यक, सुगत, तथागत, प्रज्ञा. बाबासाहेबांनी १९३६ च्या मुंबईतल्या महार परिषदेत सांगून ठेवलं होतं की नुसतं चोखामेळा म्हणवून घेऊन कुणी फसत नाही, नाव बदलायचं तर मूळ बदलून बदला. ते स्वतः साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाले तेव्हा वहीत भिवा होते. भिवाचे भीमराव झाले, भीमरावाचे बाबासाहेब, आणि ते शेपूट कुठल्या गावानं बहाल केलेलं नव्हतं.

या नव्या नावांचं पुस्तकवाल्यांनी काय केलंय? छापलीत, कारण गिऱ्हाईक आहे. पण अर्थ बघा. मिलिंद म्हणजे भुंगा. कोशात मिलिंद भुंगाच आहे, त्यांचं चुकलं नाही. पण आपला मिलिंद फुलाभोवती फिरणारा नाही. तो ग्रीक राजा मिनँडर, जो नागसेन भिक्खूला प्रश्नावर प्रश्न विचारत बसला. सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली, असं छापलंय. आपली सुजाता कुळाची नाही, खिरीची आहे. उपाशी माणसाला जेवू घालणारी. सुनीत म्हणजे चांगल्या वर्तनाचा. आपला सुनीत रस्त्यावरची सुकलेली फुलं झाडणारा होता, बुद्धानं त्याला रस्त्यातच भिक्खू केला. नाव आपलं घेतलं आणि अर्थाला सोवळं नेसवलं.

आमच्या थोरल्या भावाला मुलगा झाला तेव्हा हाच घोळ आमच्या घरात पडला. आजीचं म्हणणं, आज्याचं नाव ठेवा. वहिनी म्हणाली, “आजी, शाळेत पोरं हसतील त्याला, कचरागाडी म्हणतील.” तिचं खोटं नव्हतं. आजीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. मी म्हटलं, आजी, पोराचं नाव ते ठेवलं तर तुला त्याला हाकसुद्धा मारता यायची नाही. ती म्हणाली, “न्हाय तर न्हाय. तुम्ही माराल न्हवं? ऐकाय तरी मिळंल.”

मी चुलता. नाव ठेवायचा हक्क आत्याचा. तरी मी मध्येच पडलो, कारण त्या महिन्यात मी विनयपिटकातली एक गोष्ट वाचली होती. राजगृहात सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला, तिनं दासीकडून तो सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावला. अभय राजकुमार तिकडून चालला होता. कावळे गोळा झालेले बघून त्यानं विचारलं, काय आहे तिथं? पोर आहे. जिवंत आहे का? जिवंत आहे. म्हणून त्याचं नाव जीवक. तो पुढं बुद्धाचा वैद्य झाला. सूप तेच, उकिरडा तोच! सालवतीनं खरंच टाकला, माझ्या पणजीनं टाकल्याचं सोंग केलं, एवढाच फरक. वैशालीची अंबपाली आंब्याच्या बुडाशी सापडली म्हणून अंबपाली. तीही आपल्या उकंड्याचीच बहीण. आपण जुनी नावं टाकून जी नावं घेतली, त्यांतही उकिरड्यावरून उचललेलं पोर आधीपासून बसलेलं होतं.

मी घरात सांगितलं, जीवक ठेवा. कचरूचंच पाली आहे म्हणा. भाऊ म्हणाला, चांगलंय. वहिनी म्हणाली, ऐकायला जड आहे. शेवटी आत्यानं पाळण्यात कुर्रर्र करून सम्यक नाव ठेवलं. आमच्या आळीतला तो तिसरा सम्यक. माझं नाव पडलं त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, वहिनीला रोज त्याच्यामागं शाळेत जायचंय, मला नाही. आजी त्याला सम्यक म्हणत नाही. ‘अवं’ म्हणते.

आता तर कागदसुद्धा बदललाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदावर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं. बापाचं नाव काय लावायचं हा प्रश्न त्या पुस्तकाच्या बुडाशी जळत होता. चाळीस वर्षांनी आई नावात आली. ही एक गोष्ट तरी बारशाच्या पुस्तकवाल्यांनी पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर छापावी, तर त्यांचे पैसे वसूल होतील.

छापतील असं नाही. म्हणून हे काम आपल्याच पानांवर व्हावं असं मी संपादकांना म्हटलंय. वाचकांनी आपापल्या वस्तीतल्या साठीपुढच्या माणसांची नावं लिहून पाठवावीत. नुसती नावं नकोत. गाव आणि तालुका लिहा. आधीची किती पोरं गेली होती ते विचारा. वार, महिना, जत्रा, पीर, देवी काय होतं ते लिहा. नाव कुणी ठेवलं, आत्यानं, सुइणीनं की शाळामास्तरानं, ते लिहा. आई काय म्हणायची, गाव काय म्हणायचं आणि गिरणीत, कारखान्यात, मुंबईत काय म्हणायचे, या तिन्ही हाका वेगवेगळ्या ओळींवर लिहा. बायांना नवऱ्याचं नाव विचारू नका, त्या सांगणार नाहीत. ते शेजारणीला विचारा.